थंड पाण्यातील पहिले मिनिट

गेल्या जूनमध्ये अमेरिकेत मुलीकडे गेलो असताना यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील सरोवरात कयाक चालविण्याचा योग आला. कयाक म्हणजे एक-दोन माणसांची अरुंद, हलकी होडी. लाइफ जॅकेट पुढे आले तेव्हा मी म्हणालो, "मी कृष्णेत पोहायला शिकलोय. हे कशाला?" मुलगी म्हणाली, "बाबा, आधी पाण्यात हात घालून बघा." काठावर गरम झऱ्यांची वाफ निघत होती आणि शेजारच्याच पाण्यात बोटे ठेववेनात! मी मुकाट्याने जॅकेट चढविले.

हे सरोवर २,३५७ मीटर उंचीवर आहे. आपल्या कळसूबाईहूनही सुमारे सातशे मीटर उंच. हिवाळ्यात ते गोठते व बर्फ मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस वितळते.

अशा पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो, असा आपला समज असतो. पण पुष्कळजण त्याआधीच बुडतात. अंगाला एकाएकी गारठा लागताच मोठी धाप लागते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जाते. नाडी व रक्तदाब झपाट्याने वाढतात. ही धाप एक-दोन मिनिटांत ओसरते. पण पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतील बळ जाते व पट्टीच्या पोहणाऱ्यालाही हात मारता येत नाहीत. शरीराचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली जाते, त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याची पाळी बहुधा यानंतर येते. म्हणजे जॅकेट पोहणाऱ्यालाही हवेच.

मुलांकडे परदेशी निघालेले आईवडील माझ्याकडे तपासून घ्यायला येतात. त्यांना मी आता सांगतो: हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उंचावर पोहोचल्यावर एक-दोन दिवस विश्रांती घ्या. होडीत सकाळीच बसा, कारण दुपारी वारा सुटून लाटा उसळतात. काठ सोडू नका. होडी उलटलीच तर पोहण्याची घाई न करता तिला धरून तरंगा. धाप ओसरली की अंग जमेल तितके पाण्याबाहेर काढा. बाहेर काढलेल्या माणसाला आडवे ठेवा, ओले कपडे उतरवून कोरड्या ब्लँकेटात गुंडाळा व वैद्यकीय मदत बोलवा. हातपाय चोळू नका आणि ब्रँडी तर मुळीच पाजू नका. तिने अंगातील ऊब अधिकच निघून जाते.

कृष्णेने मला पोहायला शिकविले. पाण्याला भ्यायला मात्र साठीजवळ आल्यावर शिकलो, तेही मुलीकडून!