‘मेंटेनन्स’मधला जोर कुठे?

टाकवे बुद्रुक हे मावळातल्या गावाचं नाव लिहायला सहा अक्षरं लागतात, बोलताना मात्र चारच तुकडे पडतात: टाक्, वे, बुद्, रुक्. हे कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजी शब्द लांबला की मात्र स्पेलिंगमधली अक्षरं मोजायला सुरुवात होते आणि पहिला गैरसमज तिथेच होतो. उच्चाराचा असा एकेक तुकडा म्हणजे सिलॅबल, आणि तो ठरतो उच्चारातल्या स्वरावरून. ‘स्ट्रेंग्थ्स’च्या स्पेलिंगमध्ये 9 अक्षरं, सिलॅबल एकच. ‘एरिया’त अक्षरं 4, सिलॅबल 3.

शब्दकोशात टिंबं देऊन शब्द तोडलेला दिसतो, तीच उच्चाराची फोड असंही अनेकांना वाटतं. मेरियम-वेबस्टरसारख्या कोशात ती टिंबं छपाईसाठी असतात: ओळ संपली तर शब्द कुठे तोडता येईल, एवढंच ती सांगतात.

खरी अडचण जोराची आहे. मावळातल्या कारखान्यांत रोज कानावर पडणारे शब्द घ्या. ‘मेंटेन’मध्ये जोर ‘टेन’वर, म्हणून सगळे ‘मेंटेनन्स’ म्हणतात. इंग्रजीत तो जोर सरकून पहिल्या ‘मेन’वर येतो आणि मधला ‘टे’ दबून नुसता ‘ट’ उरतो. ‘सुपरवायझर’मध्ये जोर ‘सु’वर, ‘सुपरव्हिजन’मध्ये ‘व्हि’वर. मराठीत आपण सगळे तुकडे जवळपास सारखे उच्चारतो. इंग्रजीत एक तुकडा उंच आणि लांब होतो, बाकीचे पुसट होतात. त्यामुळे प्रत्येक तुकडा खणखणीत म्हटला की उच्चार शुद्ध झाला, ही समजूतही चुकीची.

जोर पाठच करावा लागतो, असं मुलांना सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. शब्दाचं शेपूट बरंच काही सांगून जातं. शेवटी ‘शन’, ‘इक’ किंवा ‘इटी’ आलं की जोर बहुधा त्याच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर पडतो. कम्युनिकेशनमध्ये ‘के’वर, इलेक्ट्रिकमध्ये ‘लेक’वर, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’वर. रिस्पॉन्सिबिलिटी सहा सिलॅबलचा, पण जोर शोधायला क्षणही लागत नाही: ‘बि’. अपवाद आहेतच. ‘टेलिव्हिजन’ आणि ‘पॉलिटिक्स’ दोन्हींत जोर पहिल्यावर.

आणि जोर म्हणजे साहेबी थाट नव्हे. ‘रेकॉर्ड’मध्ये पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर ते नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तेव्हा स्पेलिंग घोकून घेतानाच जोराच्या सिलॅबलवर टाळी वाजवून घेतली, तर पोरांच्या कानाला ही सवय सहज लागेल.