हळदीतलं शिसं, रक्तातलं लोह
लेखमाला ‘ताटाभोवतीचं पर्यावरण’ : भाग ६

मागच्या आठवड्यात आपण बंगालच्या कूपनलिकांमधलं आर्सेनिक पाहिलं. ते विष जमिनीच्या पोटात आधीपासून होतं. माणसाने पाइप घालून त्याला वर यायला वाट दिली. आजचं विष माणसाने स्वतःच्या हाताने, ओंजळी भरभरून अन्नात टाकलेलं आहे. प्रदेश तोच, बांगलादेश. पण ही गोष्ट थेट आपल्या मिसळणाच्या डब्यापर्यंत येते.

स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्याची आयसीडीडीआर,बी (ओआरएसच्या इतिहासाशी जिचं नाव जोडलेलं आहे ती संशोधन संस्था) यांच्या संशोधकांनी मध्य बांगलादेशातल्या खेड्यांमधल्या ४३० गरोदर बायकांचं रक्त तपासलं. त्यांतल्या ३१ टक्के बायकांच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं निघालं. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आकड्यापेक्षा जागा बुचकळ्यात टाकणारी होती. भातशेतीची गावं, आसपास कारखाना नाही, आणि शिसं घातलेलं पेट्रोल तर बांगलादेशात १९९९ मध्येच बंद झालेलं. मग हे आलं कुठून?

संशयितांची यादी लांबलचक होती. कीटकनाशकं, डाग दिलेले पत्र्याचे डबे, माती, तांदूळ, आणि हळद. हळदीवर संशय यायला कारण होतं. २०१३ मध्ये बांगलादेशातून अमेरिकेत गेलेली हळद शिशामुळे बाजारातून परत मागवावी लागली होती. पुढच्याच वर्षी मुन्शीगंज भागातल्या मुलांच्या अभ्यासात घरातल्या हळदीत शिसं सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. तरी संशय म्हणजे पुरावा नव्हे. शिशाचे चार समस्थानिक असतात आणि ज्या खाणीतून ते आलं त्याप्रमाणे त्यांचं आपसातलं प्रमाण बदलतं. बायकांच्या रक्तातलं हे प्रमाण आणि संशयित वस्तूंमधलं प्रमाण शेजारी शेजारी ठेवून पाहिलं, तेव्हा रक्ताचा मेळ हळदीशी बसला.

इथवरचं काम प्रयोगशाळेतलं. मला जास्त मोलाचं वाटतं ते पुढचं. स्टॅनफर्डच्या संशोधक जेना फोरसाइथ आणि त्यांचे सहकारी हळदीच्या मागावर शेतापासून बाजारापर्यंत गेले. शेतकरी, पॉलिशवाले, व्यापारी यांच्याशी बोलत बसले. सार्वजनिक आरोग्याच्या संशोधनात रक्ताचे नमुने घेणारे पुष्कळ असतात. आडतीवर जाऊन भाव विचारणारे थोडे.

हळद काढल्यावर शिजवतात, उन्हात वाळवतात आणि मग पॉलिश करतात. फिरत्या ढोलात हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासली जातात, साल आणि मुळ्या झडतात, खडबडीत मातकट हळकुंड गुळगुळीत पिवळं होऊन बाहेर पडतं. सांगली किंवा वसमतच्या बाजूला ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांनी हे पाहिलेलं असेल. बांगलादेशात याच टप्प्यावर ढोलात एक पिवळीधमक पूड पडत होती. तिथल्या बाजारात तिला पिउरी म्हणतात. रसायनशास्त्रात ती लेड क्रोमेट. रंग, प्लॅस्टिक, लाकडी सामान यांसाठी बनवलेली.

ही रीत कधी सुरू झाली असं विचारल्यावर जुन्या लोकांनी १९८० च्या दशकातल्या एका मोठ्या पुराकडे बोट दाखवलं. पीक भिजलं, हळद नीट वाळली नाही, रंग काळपट पडला. फिक्या हळदीला गिऱ्हाईक नाही, म्हणून कोणीतरी वरून रंग चढवला. पूर ओसरला, रंग राहिला. भाजीला पिवळा रंग चांगला यायला हवा असं गिऱ्हाइकाचं म्हणणं, हळकुंड झळझळीत हवं असं घाऊक व्यापाऱ्याचं म्हणणं, आणि ढोल चालवणारा सांगितलं तसं करणारा. प्रमुख हळद-उत्पादक ९ जिल्ह्यांपैकी ७ जिल्ह्यांत लेड क्रोमेटच्या खुणा मिळाल्या. साखळीतल्या कित्येकांना या पुडीत शिसं असतं हे माहीतच नव्हतं. ढोलाशेजारी दिवसभर धूळ खाणाऱ्या मजुरालाही नव्हतं.

(पूर आपल्याकडेही हळदीला नडला आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे जमिनीखालची हळदीची कोठारं, २००५ च्या महापुरात मोठ्या प्रमाणावर गेली. पिवळ्या रंगाचं दडपण काय असतं हे सौद्यात हळकुंड मोडून आतला गाभा दाखवणाऱ्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.)

आता प्रमाणाचा अंदाज घेऊ. बांगलादेशात हळदीतल्या शिशाची मर्यादा ग्रॅममागे २.५ मायक्रोग्रॅम होती. सर्वांत वाईट नमुन्यात निघालं १,१५२ मायक्रोग्रॅम. एक ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचाही भरणार नाही एवढी, ही हळद दिवसभराच्या जेवणातून पोटात गेली, तर तेवढंच शिसं आत गेलं. मूल होण्याच्या वयातल्या बाईने अन्नातून दिवसाला किती शिसं गेलं तर काळजी करावी, यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धरलेला आकडा ८.८ मायक्रोग्रॅमचा आहे. म्हणजे इथे जवळपास १३० पट.

पण पोटात गेलं ते सगळं रक्तात जात नाही. किती जाईल हे ठरवण्यात आपण काय खाल्लं आणि काय खाल्लं नाही याचा मोठा हात असतो. आपल्या लेखमालेचा खरा विषय इथे सुरू होतो.

प्रौढ माणूस गिळलेल्या शिशातलं साधारण दहा टक्के शोषतो. लहान मुलाचं आतडं चाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत शोषू शकतं. पोट रिकामं असेल तर शोषण वाढतं. शरीरात लोह कमी असेल तर आणखी वाढतं, आणि त्याचं कारण आतड्याच्या अस्तरात आहे. लोह आत घेण्यासाठी तिथल्या पेशींवर डीएमटी-१ नावाचं एक प्रथिन असतं. लोहाचा तुटवडा झाला की शरीर हे प्रथिन जास्त बनवू लागतं, हेतू हा की येईल तेवढं लोह पदरात पडावं. हे प्रथिन शिशालाही आत घेतं. लोहाच्या भुकेने दार मोठं केलं आणि त्यातून शिसं शिरलं, असा हा प्रकार. आत गेलेलं शिसं हिमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतं, म्हणजे आधीच रक्त कमी असलेल्या मुलाचं रक्त आणखी कमी होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ६८.९ टक्के मुलं (६ महिने ते ५ वर्षं) रक्तक्षयी निघाली. शिशाच्या बाबतीत दार किती घरांत उघडं आहे, हे या आकड्यावरून कळतं.

कॅल्शियमचं असंच. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. प्रौढ माणसाच्या शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे ते दशकानुदशकं राहतं. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघू लागतं, त्याच्यासोबत जुनं शिसंही सुटतं आणि वार ओलांडून बाळापर्यंत जातं. लहानपणी खाल्लेली हळद वीस वर्षांनी पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधू शकते ती अशी. दूध-दही ज्या घरात क्वचित येतं तिथे हे जास्त घडणार.

मग उपाय आहारात शोधता येईल का? काही प्रमाणात, हो. मेक्सिको सिटीत गरोदर बायकांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलं तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास २००९ मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत, रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसं असलेल्या आणि आहारात कॅल्शियम किंवा लोह कमी पडणाऱ्या मुलांना व गरोदर बायकांना ते पूरक म्हणून द्यावं असं सांगितलं आहे. पण ११ टक्के म्हणजे ११ टक्के. गोळ्या वाटून हळद तशीच ठेवणं हा आरोग्य खात्याला सोपा आणि भेसळखोराला सोयीचा मार्ग ठरेल. त्याच सूचनांतली पहिली गोष्ट शिशाचा उगम शोधून तो तोडा ही आहे.

बांगलादेशाने तो तोडला. सप्टेंबर २०१९ मध्ये हळदीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरले. तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने संशोधकांना सोबत घेतलं. बाजारात पत्रकं लागली, हळदीला रंग लावणं गुन्हा आहे असं जाहीर झालं. ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत फिरत्या न्यायालयासह छापा पडला. अधिकाऱ्यांच्या हातात क्ष-किरणांवर चालणारं एक्सआरएफ नावाचं उपकरण होतं, हेअर ड्रायरसारखं दिसणारं. हळकुंडावर धरलं की थोड्या वेळात त्यातलं शिसं आणि क्रोमियम सांगतं. दोन्हींचे अणू एकास एक निघाले की लेड क्रोमेट. नमुना प्रयोगशाळेत पाठवा, अहवालाची वाट पाहा, तोवर माल विकून मोकळा, हा नेहमीचा खेळ तिथे चालला नाही. दोन व्यापाऱ्यांना दंड झाला, माल जप्त झाला.

२०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं होतं. २०२० मध्ये ५ टक्के, २०२१ मध्ये शून्य. पॉलिशच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंही बरंच उतरलं. तीसेक वर्षं चाललेली रीत दोन वर्षांत मोडली, कारण ती टिकवण्यात कोणाचंच मोठं हित नव्हतं. सगळ्यांनीच रंग घालणं सोडलं तर फिक्या हळदीमुळे एकट्याचं नुकसान होण्याची भीती उरत नाही.

आपल्याकडे काय? २०२० च्या अखेरीपासून २०२१ च्या मार्चपर्यंत भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका या देशांतल्या २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने घेतले गेले. सुमारे १४ टक्के नमुन्यांत ग्रॅममागे २ मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं होतं. पाटणा, कराची आणि पेशावरमध्ये तर १,००० च्या वर गेलेले नमुने होते. भारतीय कायद्यात हळदीला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे आणि हळद पुडीत लेड क्रोमेट अजिबात चालत नाही. कायदा पुरेसा कडक आहे, उणीव तपासणीत आहे. आपल्या राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या दिवाळीच्या मोहिमा खव्या-मिठाईवर असतात. त्यांतली एखादी मोहीम एक्सआरएफ घेऊन बाजार समितीच्या आवारात, सौद्याच्या हंगामात झाली तर बरं.

घरी करता येण्यासारखं थोडंच आहे. अखंड हळकुंड पाण्याच्या पेल्यात टाकावं. लगेच पिवळा रंग सुटू लागला तर ते घेऊ नये. पूड पाहून काही कळत नाही. सुटी पूड दिसायला जितकी पिवळीजर्द तितकी माझ्या मते संशयास्पद, पण फिकी आहे म्हणून निर्धोक असंही म्हणता येत नाही. हळकुंडं आणून घरी किंवा ओळखीच्या गिरणीतून दळून घेण्याची जुनी पद्धत इथे कामाची आहे, हळकुंडांवर रंग चढवलेला नसेल तर.

एका गोष्टीचं मात्र नवल वाटतं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत माणसांनी घराघरांत जाऊन मुलांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं आणि हिमोग्लोबिन मोजलं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाचा अंदाज असा की भारतातल्या सुमारे २७ कोटी ५० लाख मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमच्या वर शिसं असावं. हा अंदाज कमी आहे की जास्त, हे पडताळायला देशव्यापी मोजणी लागेल. बोटातून रक्त घेणारी माणसं त्या फेरीत दारापर्यंत पोचलीच होती. त्या रक्तात शिसं मोजायची सोय मात्र त्या फेरीत नव्हती.

(पुढच्या भागात : चुलीचा धूर आणि बाळाचं जन्मवजन)