छोट्या ट्रॅक्टरचे टायर: नक्षी कशी निवडावी?

अमेरिकेत शहरापासून दूर पाच-दहा एकर जागेसह घर घेतले की गवत कापण्याचे साधे यंत्र लवकरच अपुरे पडते आणि ‘कॉम्पॅक्ट’ ट्रॅक्टरचा विचार सुरू होतो. इंजिनाची शक्ती, लोडर, हप्ते या सर्वांची चौकशी होते. अखेरीस विक्रेता विचारतो, टायर कोणते हवेत? गावाकडचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर असलेल्या मराठी माणसाला या प्रश्नाचे नवल वाटते. तिकडे मागचे मोठे टायर तिरप्या, जाड पट्ट्यांचेच असायचे. येथे मात्र तीन-चार पर्याय असतात, आणि निवड चुकल्यास हिरवळीची नासाडी होते किंवा ट्रॅक्टर चिखलात रुतून बसतो.

हे पर्याय ‘आर’ या अक्षराने ओळखले जातात. अमेरिकेतील टायर अँड रिम असोसिएशन या संस्थेच्या प्रमाणांनुसार मागच्या टायरच्या नक्षीला हे संकेत दिले जातात.

आर-१ म्हणजे आपल्या ओळखीचा शेतीचा टायर. त्याच्या पट्ट्या उंच असतात आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा असते. पट्टी मातीत रुतते, मागची माती तिला आधार देते आणि चाक पुढे सरकते. मोकळ्या जागेत अडकलेला चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो. नांगरणी, रोटाव्हेटर आणि ओली जमीन यांसाठी हा टायर सर्वोत्तम ठरतो. मात्र वळताना हीच पट्टी हिरवळ उकरते आणि डांबरी रस्त्यावर लवकर झिजते. भातशेतीसाठी असलेल्या आर-२ची नक्षी आर-१च्या सुमारे दुप्पट खोल असते. कोकणात चिखलणीच्या वेळी लोखंडी केज व्हील लावतात, त्यामागचा विचारही काहीसा असाच आहे.

आर-३ हा हिरवळीचा टायर. त्याची नक्षी उथळ आणि दाट असते. भार रुंद पृष्ठभागावर विभागला जात असल्याने गवतावर वण उमटत नाहीत. चिखलात मात्र ही बारीक नक्षी क्षणात भरते आणि टायर गुळगुळीत होऊन जागीच फिरू लागतो.

आर-४ला औद्योगिक टायर म्हणतात. त्याच्या पट्ट्या रुंद आणि आर-१पेक्षा कमी उंच असतात. बाजूच्या भिंती मजबूत असतात. लोडरने माती, खडी किंवा लाकडे उचलताना पुढच्या चाकांवर येणारा भार तो पेलतो आणि त्याला सहसा काटेकुटे लागत नाहीत. म्हणूनच विक्रेते बहुधा तोच सुचवतात. तथापि ‘मधला’ टायर सर्वच कामांना चांगला असतो, हा समज खरा नाही. ओल्या चिकणमातीत तो आर-१ची बरोबरी करू शकत नाही आणि मऊ हिरवळीवर आर-३ची. या तिन्हींचे गुण जुळवण्यासाठी अलीकडे आर-१४ ही संमिश्र नक्षी आली आहे. बहुविध कामे असणाऱ्यांनी तिचा विचार अवश्य करावा.

बर्फाचा हिशेब निराळा आहे. दाबलेल्या बर्फावर अनेक बारीक कडा असलेला आर-३ पुष्कळदा आर-४पेक्षा चांगली पकड देतो. निसरड्या, गोठलेल्या थरावर मात्र साखळ्यांवाचून कोणत्याही नक्षीचा भरवसा धरू नये.

उतारावर नक्षीइतकेच वजनही महत्त्वाचे ठरते. लोडर भरला की भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. अनेक छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक केवळ मागच्या चाकांवर चालतात. अशा वेळी दोनचाकी चालनात उतार उतरल्यास मागची चाके थांबली तरी ट्रॅक्टर घसरत जातो. चारचाकी चालन सुरू असेल तर पुढची चाकेही त्याला रोखण्यास मदत करतात. म्हणून मागे जड अवजार जोडावे किंवा मागच्या टायरमध्ये द्रव भरून घ्यावा. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण जड असते आणि सहजी गोठत नाही, पण रिम गंजवते. बीटच्या रसापासून केलेला द्रव महाग असला तरी तो धोका टाळतो. लोडर जमिनीलगत ठेवावा, संरक्षक चौकट उभी असावी आणि पट्टा बांधलेला असावा.

चारचाकी चालनाच्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या घेरांचे प्रमाण ठरलेले असते. केवळ पुढचे किंवा केवळ मागचे टायर वेगळ्या मापाचे बसवल्यास गिअर यंत्रणेवर ताण येतो. शिवाय आर-१ आणि आर-४ यांचे रिम बहुधा वेगळे असतात. म्हणून नंतर बदल करणे खर्चिक पडते. टायर बसवताना दिशाही तपासावी: आर-१च्या पट्ट्यांचे टोक मागून पाहिल्यास वर दिसले पाहिजे.

खरेदीपूर्वी वर्षभराच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर अंदाजे तास लिहावेत. बहुतांश तास गवत कापण्यात जाणार असतील, तर वर्षातून दोन दिवसांच्या नांगरटीसाठी आर-१ घेऊ नये. ते काम जमिनीला वाफसा येईपर्यंत थांबू शकते. याउलट पाणथळ जागेत रोजच चारा वाहायचा असेल, तर हिरवळीची चिंता दुय्यम ठरते. आणि दारातला उतार तीव्र असेल, तर नक्षी कोणतीही असो, मागच्या वजनाची तजवीज ट्रॅक्टर घरी येण्यापूर्वीच करावी.