शहाळं घेऊन जा

मामा आजारी पडला तेव्हा मी आठवीत होते. तो रात्ररात्र जागायचा, पंख्यातून माणसं आपल्याबद्दल बोलतात म्हणायचा. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं. गोळ्या घरी आल्याबरोबर आजीने त्या पाकिटातून सोडवून हिंगाच्या रिकाम्या डबीत भरल्या आणि डबी देवघरात पोथीमागे ठेवली. कुणी विचारलंच तर 'बीपीच्या आहेत' म्हणायचं, हे आम्हा मुलांनाही पढवलं होतं. त्या गोळ्यांना हिंगाचा वास यायचा.

आजी खोटं बोलणारी बाई नव्हती. पण गल्लीत तिच्या लेकाला आता काय म्हणतात, ते तिच्या कानावर आलं होतं. 'मेंटल', 'सरकलेला', 'ठाण्याची केस'. ठाणं आणि येरवडा इथे मनोरुग्णालयं आहेत, एवढ्यावरून आपण त्या गावांच्या नावांची शिवी करून टाकली.

आजार सांगताना मराठी भाषा माणसाला 'ला' लावते. त्याला ताप आला, तिला मधुमेह आहे. आजार वेगळा, माणूस वेगळा. मनाचं दुखणं आलं की हा 'ला' गळतो आणि उरतं 'तो वेडा आहे'. दुखणं आटोक्यात येतं, तरी हे वाक्य माणसाला चिकटूनच राहतं.

मुळात स्किझोफ्रेनिया हे नावच घात करणारं. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 मध्ये ते ग्रीक शब्दांवरून घडवलं. अर्थ दुभंगलेलं मन, म्हणून आपली 'छिन्नमनस्कता'. विचार आणि भावना यांचा सांधा निखळतो, असं त्यांना सुचवायचं होतं. लोकांनी घेतलं ते 'एका देहात दोन माणसं', आणि सिनेमाने त्यातल्या एकाच्या हाती सुरा दिला. जपानमध्ये रुग्णांच्या घरच्यांनी नाव बदलण्याची मागणी लावून धरली. 2002 मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदललं. रुग्णाला त्याचं निदान सांगण्याचं प्रमाण तेव्हा सुमारे 37 टक्के होतं, ते पुढच्या दोन-तीन वर्षांत 70 टक्क्यांच्या घरात गेलं. डॉक्टरांच्याही जिभेवर तो शब्द किती जड होता, ते यावरून कळतं.

आपल्याकडे पुण्या-ठाण्याच्या स्वमदत गटांनी आजारी माणसासाठी 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्यासाठी 'शुभंकर' हे शब्द रुजवले. मला ते फार आवडतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही बजावलं आहे की केवळ निदान झालं म्हणून कुणी विकल मनाचा ठरत नाही. ते न्यायालयानेच ठरवायचं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमध्ये मात्र वेडाच्या झटक्यांचा उल्लेख अजून तसाच आहे.

त्याच गोळ्या घेत मामाने एका छापखान्यात 19 वर्षं प्रुफं तपासली. मधे एकदा त्याला कावीळ झाली, तेव्हा निम्मी गल्ली शहाळी घेऊन दारात आली. पहिल्या आजारात तो दीड महिना दवाखान्यात होता, तेव्हा आजीशिवाय कुणी फिरकलं नव्हतं.

तुमच्या ओळखीत असं घर असेल तर या आठवड्यात जा. शहाळं न्या. झोप लागते का विचारा, आणि चहा घेतल्याशिवाय उठू नका.