म्हाताऱ्या माणसांच्या घरात कॅमेरा लावताय? आधी त्यांना विचारलंय का?



१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस समुद्रात मासेमारी बंद. गोव्यात ट्रॉलरवर असलेली आपल्या खानापूर भागातली पोरं या दिवसांत घरी येतात. जाळी, छप्पर, भाताची लावणी, आणि आता एक नवीन काम त्यात भरलंय. आई-वडील वर्षभर एकटे असतात म्हणून घरात कॅमेरा बसवून जायचं. स्वस्तात मिळतो, मोबाईलवर दिसतो, त्यातून बोलताही येतं. पोराच्या जिवाला घोर असतो, ते आम्हाला कळतं. आई मोरीत पाय घसरून पडली तर कुणाला कळणार?

पण आपल्याकडच्या जुन्या घरांत मोरी कुठं असते? स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. तिथंच अंघोळ, तिथंच लुगडं बदलणं. तिथं कॅमेरा लावला की ते सगळं पोराच्या मोबाईलवर जातं, आणि पोरगा बसलेला असतो बोटीच्या केबिनमध्ये सातआठ जणांत. म्हातारी तोंडानं बोलत नाही, पण अंधारात अंघोळ करायला लागते. पडायची भीती वाढली की कमी झाली?

आणि ते चित्र फक्त पोरालाच दिसतं असंही नाही. असले बरेच कॅमेरे वायफायवरून चित्र कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. पासवर्ड ज्याच्या हातात, त्याला घर उघडं. २०२५ साली गुजरातमध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांचे, बायकांच्या तपासणीचे व्हिडिओ टेलिग्रामवर विकले गेले. तपासात कच्च्या पासवर्डची गोष्ट पुढं आली. म्हणून लावायचाच असेल तर पहिल्या दिवशी पासवर्ड बदला, चित्र मेमरी कार्डावरच राहील असं बघा, आणि कॅमेरा दाराकडं किंवा पडवीकडं तोंड करून लावा. मोरी आणि अंथरूण त्यात येता कामा नये.

कायदा आहे की, असं कुणी म्हणेल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे खरा, पण माणसानं स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे पोरानं आईवर कॅमेरा धरला तर त्या कायद्यानं कुणी विचारायला येणार नाही. ते घरातल्या घरातच ठरवायचं. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढं सांगितलं, ते कुणाच्या अर्जावरून? आपल्याच कर्नाटकातले निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या. २०१२ ला अर्ज केला तेव्हा त्यांचं वय ८६ होतं. म्हातारपणी माणसाला आडोसा लागत नाही असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बोटमालकांना एक ओळखीचं उदाहरण देतो. केंद्राच्या योजनेतून १ लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसवायचं काम चाललंय. बोट कुठं आहे ते किनाऱ्यावर कळतं, पण संकटात निरोप धाडायचं बटण तांडेलाच्या हाताशी असतं, आणि यंत्र बसवलंय हे त्याला ठाऊक असतं. घरातही तसंच करता येतं. गळ्यात किंवा मनगटावर घालायचं बटण मिळतं, दाबलं की पोराला फोन जातो. चित्र न घेता नुसती हालचाल ओळखणारे सेन्सरही असतात. सकाळी दहापर्यंत घरात कुणी हललं नाही तर निरोप येतो, एवढंच. आम्हाला विचाराल तर कॅमेऱ्याआधी हे बघा.

कठीण प्रश्न विसरण्याच्या आजाराचा. ज्याला आज काय म्हटलं ते उद्या आठवत नाही, त्याचा होकार कसा घ्यायचा? घर सोडून रात्री नदीकडं चालत जाणारा माणूस असेल तर दारावर नजर ठेवणं भागच आहे. पण तेवढ्यासाठी दारच बघावं, माणसाचा सगळा दिवस नव्हे. आजार सुरुवातीला असतानाच बसून विचारून ठेवलं तर निदान नंतर पोरांच्यात भांडण होत नाही.

अजून एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. कॅमेऱ्याला कानही असतात. शेजारची मावशी दुपारी येऊन सुनेची, घरची चार गाऱ्हाणी सांगते, तिला तर कुणी विचारलेलंच नसतं. ‘तुमच्या घरात सगळं ऐकू जातंय बाई’ म्हणून ती यायची बंद होते. मग कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस धरला, करंट गेला, वायफाय बंद पडलं की मोबाईलवर काळा पडदा, आणि दार ठोठावून ‘जेवलासा काय?’ विचारणारंही कुणी नाही. बसवायच्या आधी त्या मावशीलाही सांगा, आवाज बंद ठेवा, आणि बंद करायचं बटण कुठं आहे ते आईला हातानं दाबून दाखवा.

मदतीसाठी सरकारची ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. नंबर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.