शिस्तीत संपणारे जग

नेव्हिल शूट यांची ‘ऑन द बीच’ ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली. अणुयुद्धानंतरच्या जगावर पुढे पुष्कळांनी लिहिले. तरीही हे पुस्तक हाती घेणाऱ्या वाचकाची अवस्था आजही चमत्कारिक होते. पुस्तक खाली ठेववत नाही आणि त्यावर धड विश्वासही बसत नाही.

कथानक मेलबोर्न व त्याच्या परिसरात, १९६३ साली घडते. उत्तर गोलार्धात ३७ दिवसांचे युद्ध होऊन तेथील जीवसृष्टी संपली आहे, आणि कोबाल्ट बाँबचा किरणोत्सर्ग वाऱ्यांबरोबर हळूहळू दक्षिणेकडे सरकतो आहे. मेलबोर्नच्या वाट्याला अजून काही महिने आहेत, एवढेच. (भारत उत्तर गोलार्धात आहे. म्हणजे पहिले पान उघडण्यापूर्वीच मराठी वाचकाचा, त्याच्या गावाचा व त्याच्या भाषेचा निकाल लागलेला असतो!)

वाचकाची पहिली तक्रार या माणसांच्या सभ्यपणाविषयी असते. मरण महिन्यांच्या हिशेबात येऊन ठेपले आहे, आणि तरीही लुटालूट नाही, सत्तेविरुद्ध उठाव नाही. रस्त्यांवर मद्यपी दिसतात खरे. पण ट्रॅम चालू असतात, कचेऱ्या उघडतात आणि नौदलातील तरुण अधिकारी पीटर होम्स नवी नेमणूक मिळाल्याने हरखून जातो. ज्यांनी साध्या रॉकेलच्या रांगेतली धक्काबुक्की पाहिली आहे, त्यांना हे पटणे अवघड आहे.

विज्ञानाच्या बाजूनेही आक्षेप निघतात. शूट हे व्यवसायाने विमान-अभियंते, आर-१०० या हवाई जहाजाच्या उभारणीत काम केलेले. तथापि, दोन गोलार्धांतील हवेचे मिश्रण मंद असते, कोबाल्ट-६० दर सव्वापाच वर्षांनी निम्मे होते, आणि कोठेही कोणी वाचू नये इतका सरसकट संहार त्या मार्गाने होईल, हे मान्य करणे कठीण. उलट १९८३ साली शास्त्रज्ञांनी ज्या ‘आण्विक हिवाळ्या’ची कल्पना मांडली, त्या धुराचा, अंधाराचा व बुडालेल्या पिकांचा येथे मागमूस नाही. शूट यांच्या मेलबोर्नमध्ये ऊन पडते, बागा फुलतात.

आणि तरीही पुस्तक मनातून जात नाही. पीटरची पत्नी मेरी पुढच्या वर्षी फुलायच्या बागेची आखणी करते. मोयरा डेव्हिडसन ही तरुणी लघुलेखन आणि टंकलेखन शिकू लागते. ज्या कचेरीत ते उपयोगी पडावे, ती कचेरीच राहणार नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. पाणबुडीचा अमेरिकन कप्तान ड्वाइट टॉवर्स आपल्या मृत मुलांसाठी खेळणी, भेटवस्तू खरेदी करीत हिंडतो. कोणी त्याला हसत नाही, कोणी त्याची समजूत काढीत नाही. दुकानदार सामान दाखवितो. ज्या सभ्यपणावर वाचक वैतागला होता, तोच येथे अंगावर येतो. कारण परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी आणि निवृत्तीच्या वर्षांचा हिशेब मांडणारा कारकून हेच करीत असतात; त्यांच्या भविष्याला मुदत लावलेली नसते, इतकाच फरक.

सर्वांत असह्य प्रसंग मात्र होम्स दांपत्याच्या घरातला. शेवटच्या आजारात जीव संपविण्यासाठी औषध वाटले जाणार असते. आपण मोहिमेवर असताना वेळ आलीच, तर तान्ह्या मुलीला ते कसे द्यावयाचे, हे पीटरला बायकोला समजावून सांगावे लागते. मेरी संतापाने फुटते. साऱ्या पुस्तकात खरा आवाज चढतो तो येथेच, आणि तो चढतो नवऱ्यावर. ज्यांनी बाँब टाकले, त्यांच्यावर नव्हे.

वाचकाचा खरा राग येथे आहे. या माणसांना कोणाला जाब विचारावासाच वाटत नाही. शूट यांनाही त्याची जाणीव असावी, कारण अखेरीस मेरी विचारते, की हे कोणाला थांबविता आले नसते का. पीटर म्हणतो की लोकांना शहाणे करण्याचे काम वर्तमानपत्रांना करता आले असते. पण ते कोणत्याच देशाने केले नाही, लोकांना चित्रे आणि सनसनाटी बातम्याच हव्या होत्या. मेरीचे या उत्तराकडे फारसे लक्ष नसते. वर्तमानपत्रे आता बंद पडली आहेत, याचे तिला बरेच वाटते.