रेकॉर्डिंग मिळेल का?

२०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचा निकाल २९६ मतांनी लागला आणि पुढे तो खटला होऊन न्यायालयात गेला. वाद घड्याळाचा होता. २७ सप्टेंबर हा उमेदवारी अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. दुपारी तीनची मुदत उलटल्यावर अर्ज स्वीकारले गेले, असा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाच्या आत आणि बाहेर चित्रीकरण झालेले होते, त्याच्या सीडीही मिळाल्या. पण चित्रीकरण खरे आहे हे सांगणारे, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी निर्णय दिला: मूळ यंत्र न्यायालयात हजर केले जात नसेल तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे, मात्र पक्षकाराने शक्य ते सगळे करूनही ते मिळत नसेल तर त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा ठेवत नाही. कॅमेरा होता, चित्र होते, वेळ दिसत होती. तरीही त्या चित्राला पुरावा म्हणून उभे करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

सोसायटी, शाळा, पतपेढी, सराफी दुकान किंवा पोलीस ठाणे, कुठेही सीसीटीव्ही घेताना आपण कॅमेरे मोजतो. सोळा कॅमेरे, इतके मेगापिक्सेल, अमुक कंपनीचा डीव्हीआर, असा कोटेशनचा कागद असतो. खरेदी मात्र वेगळ्याच गोष्टीची असते. पुढे कधीतरी, आज ठाऊक नसलेल्या एका तारखेचे आणि वेळेचे रेकॉर्डिंग मागितल्यावर ते हाती येईल, याची ती हमी असते. ही हमी बसवणीच्या दिवशी जन्मते आणि त्याच दिवसापासून झिजू लागते. म्हणून सुरक्षा यंत्रणेचा मुख्य खर्च आणि मुख्य कौशल्य बसवणीत नसून देखभालीत आहे, आणि आपल्या निविदा, करार व सरकारी आदेश बहुतेक वेळा बसवणीपाशीच थांबतात, असे माझे म्हणणे आहे.

झीज कशी होते, हे पाहण्यासाठी टेक्निशियनला सर्वाधिक सतावणारी तक्रार घेऊ: ‘दिवसा चित्र स्वच्छ, रात्री कॅमेरा बंद.’ कॅमेरा बिघडला असे समजून तो बदलला जातो, आणि नवाही रात्री बंद पडतो. दोष तारेत असतो. अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि तो दुप्पट-तिप्पट वीज ओढू लागतो. बारा व्होल्ट पुरवणाऱ्या एसएमपीएसपासून कॅमेरा ८० मीटरवर आहे आणि तांब्याच्या तारेचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर आहे असे धरू. जाण्यायेण्याची लांबी १६० मीटर, रोध सुमारे साडेपाच ओहम. दिवसा कॅमेरा ०.१५ अँपिअर घेत असेल तर वाटेत एक व्होल्टही गळत नाही. रात्री तो ०.४ अँपिअर घेऊ लागला की सव्वादोन व्होल्ट गळतात आणि बाराऐवजी पावणेदहा व्होल्टच पोहोचतात. बारा व्होल्टला दहा टक्क्यांचा फरक बरेच कॅमेरे सोसतात, म्हणजे १०.८पर्यंत, त्याखाली ते बंद होऊन पुन्हा सुरू होतात. सुरू होताना दिवे विझलेले असल्याने व्होल्टेज वर येते, दिवे लागताच खाली जाते, आणि हे चक्र पहाटेपर्यंत चालते. त्यात तार तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची निघाली, तर रोध दीडपटीच्या आसपास जातो आणि नऊ व्होल्टही पोहोचत नाहीत. दिवसा दुपारी मीटर लावून हा दोष सापडत नाही. दिवे लागलेले असताना कॅमेऱ्याच्या टोकाशी, पिन जोडलेली ठेवूनच मोजावे लागते. बसवणीची तपासणी मात्र दिवसाच होते, बिलही दिवसाच मंजूर होते, आणि चोरी व्हायची ती रात्री.

दुसरी झीज साठवणुकीची, ती तर मुळातल्या हिशेबातच असते. २ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा खातो. असे आठ कॅमेरे असतील तर एक टेराबाइटची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. सातव्या दिवशी पहिल्या दिवसाच्या चित्रावर नवे चित्र बसते. सोसायटीतली तक्रार पोलिसांपर्यंत जायला आठवडा सहज लागतो. आता हाच हिशेब परमवीर सिंग सैनी खटल्याला लावून पाहा. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात लॉकअप, व्हरांडे, प्रवेशद्वारे इथे आवाजासह रेकॉर्ड करणारे आणि रात्री पाहू शकणारे कॅमेरे लावण्याचा आदेश दिला. रेकॉर्डिंग अठरा महिने ठेवायचे, आणि तशी यंत्रणा बाजारात मिळत नसेल तरी एक वर्षाच्या खाली जायचे नाही. त्याच २ मेगाबिटच्या दराने अठरा महिन्यांसाठी एका कॅमेऱ्याला जवळपास बारा टेराबाइट लागतात, सोळा कॅमेऱ्यांना १९० टेराबाइटच्या घरात. दुकानात मिळणाऱ्या साध्या डीव्हीआरचे हे काम नव्हे. न्यायालयाने कॅमेरे चालू ठेवण्याची, देखभालीची आणि रेकॉर्डिंगची जबाबदारी ठाणे प्रभारींवर टाकली होती. तरीही सप्टेंबर २०२५मध्ये ठाण्यांमधल्या बंद कॅमेऱ्यांची दखल न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. आदेश कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचला, डिस्कपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागतो आहे.

तिसरी झीज घड्याळाची. डीव्हीआरच्या आतली नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाऊन आल्यावर तारीख मागे जाते. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय बंद असेल तर वर्षभरात पाच-दहा मिनिटांचा फरक साचतो. तीनच्या मुदतीवर निवडणूक अडलेली असताना त्या पाच मिनिटांची किंमत काय, हे जालन्याने दाखवले आहे. वेळेइतकाच प्रश्न प्रमाणपत्राचाही आहे. जुन्या पुरावा कायद्याच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले, त्यातला एक तज्ज्ञाने द्यायचा, आणि फाइल बदललेली नाही हे दाखवणारे तिचे हॅश मूल्यही मागितले. पेनड्राइव्हवर घाईने उतरवलेले किंवा मॉनिटरसमोर मोबाइल धरून काढलेले चित्र न्यायालयात टिकवणे आता अधिकच अवघड आहे.

चोरघंटेचे आणि दरवाजाच्या कुलपांचे दोष याच जातीचे. खोलीतली हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर माणूस आणि पार्श्वभूमी यांच्या तापमानातला फरक ओळखतो. मे महिन्यात नागपुरातल्या बंद दुकानाच्या भिंती अंगाच्या तापमानाला येऊन पोहोचल्या की हा फरक पुसट होतो. तिथे तापमानाची भरपाई करणारा किंवा मायक्रोवेव्हची जोड असलेला सेन्सर हवा. दाराच्या सेन्सरच्या शेवटी बसवायचा रोधक सोयीसाठी पॅनेलमध्येच बसवला, तर वाटेत तार जोडून टाकणारा चोर पॅनेलला दिसत नाही. चुंबकी कुलूप विजेवर धरून राहते; मागची बॅटरी उन्हाळ्याने मेलेली असेल तर वीज गेली की दार उघडे. उलट आगीच्या इशाऱ्याशी ते जोडलेले नसेल तर माणसे आत अडकतात, आणि हा धोका चोरीपेक्षा मोठा आहे.

यावर एक जुना आक्षेप असा की कॅमेरा बंद असला तरी चोराला ते कुठे ठाऊक असते, नुसता धाकही पुरेसा. चाळीस वर्षांतल्या मूल्यमापनांचा एकत्रित आढावा पिझा, वेल्श, फॅरिंग्टन आणि थॉमस यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्हे तुलनेने सुमारे १३ टक्क्यांनी घटले, सर्वांत ठळक परिणाम वाहनतळांवर दिसला, आणि जिथे कोणी तरी चित्र प्रत्यक्ष पाहत होते तिथे तो जास्त होता. म्हणजे धाक असतो, पण बेताचा, आणि तो मागे बसलेल्या माणसावर टिकतो. शिवाय धाक चुकला की उरते ते फक्त रेकॉर्डिंग, आणि बंद कॅमेऱ्याकडे तेवढेही नसते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा: नव्या यंत्रणा बिघाड झाला की मोबाइलवर स्वतः कळवतात, मग माणसाची गरज काय? सूचना येते हे खरे, आणि ती घ्यावीच. पण कोळ्याच्या जाळ्याने झाकलेला किंवा झाडाच्या फांदीकडे वळलेला कॅमेरा यंत्राला बहुतेक वेळा ठणठणीतच वाटतो. आणि यंत्रणा इंटरनेटला जोडली की देखभालीचे एक नवे काम जन्मते. २०१६मध्ये मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवून अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांचा रस्ता अडवला. पासवर्ड बदलणे आणि फर्मवेअर अद्ययावत ठेवणे हे कोणी तरी माणसानेच करायचे असते.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. लहान सोसायटीला वार्षिक देखभाल करार जड जातो, त्यामुळे तोच आधी कापला जातो. पण तोच पैसा वेगळा वाटता येतो: सोळाऐवजी दहा कॅमेरे, जाड तांब्याची तार, टेहळणीसाठी बनवलेली डिस्क, आणि वाचलेल्या रकमेतून तिमाही भेट. भेटीत काय करायचे ते करारात शब्दांनी लिहावे. रात्री व्होल्टेज मोजणे, घड्याळ जुळवणे, बॅटरीवर भार टाकून पाहणे, आणि दहा दिवसांपूर्वीच्या कोणत्याही एका रात्रीचे अडीच वाजताचे रेकॉर्डिंग सर्व कॅमेऱ्यांवरून काढून दाखवणे. ते निघाले नाही तर त्या तिमाहीचे पैसे नाहीत. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर २१ ऑगस्ट २०२४च्या शासन निर्णयात शाळांना कॅमेरे सक्तीचे झाले. त्यातच मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीनदा चित्रीकरण तपासावे असेही म्हटले आहे. या दुसऱ्या वाक्याला पहिल्याइतकाच निधी, आणि ते काम करणाऱ्या टेक्निशियनला बसवणीइतकीच मजुरी मिळायला हवी.